सुतकातला फ्रीज

शुभा, फ्रीज चालू आहे. हे आधी सांगतो, कारण कुठूनही घरी आलीस की तुझा पहिला प्रश्न तोच असायचा. लग्नाहून ये, बाजारातून ये, नितीनकडून वसईहून रात्रभर गाडीत बसून ये, चपला काढायच्या आधी विचारायचीस, "लाईट गेली होती का?" मी जेवलो का, मी कसा आहे, हे सगळं त्याच्यानंतर. मी म्हणायचो, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या कपाटाशी? तू म्हणायचीस, "कपाट निदान उलट उत्तर देत नाही."

तर लाईट गेलेली नाही. एरवी आपल्या गावात माडाची झावळी हलली की वीज जाते, पण तू गेल्यापासून शहाण्यासारखी राहिली आहे.

तू कशी गेलीस ते मी लिहीत बसणार नाही. सकाळी ओट्याशी उभी होतीस आणि मग नव्हतीस, एवढंच मला समजलंय. बाकीचं डॉक्टरांनी नितीनला समजावून सांगितलं, तो मान हलवत होता. मी गॅसवरचं पाणी उकळून आटत होतं त्याच्याकडे बघत होतो. उठून गॅस बंद करावा हेसुद्धा सुचलं नाही.

मग माणसं आली. आपल्या खळ्यात एवढी माणसं मी नितीनच्या लग्नानंतर पाहिली नव्हती. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. सुतकाच्या घरी समाचाराला येतात, बसतात, रडतात, पण घोटभर पाणी घेत नाहीत आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पदर सावरून, टोपी सारखी करून गुपचूप उठून जातात. एरवी मला ही रीत बरी वाटायची. या वेळी वाटलं, एकाने तरी 'येतो' म्हणावं.

वरच्या वाडीतले गंगारामदादा रोज सकाळी यायचे. बरोब्बर त्याच वेळेला, ज्या वेळेला तू त्यांना सुई द्यायचीस. पायरीवर बसायचे, माजघराकडे बघायचे, गुडघ्यावर हात टेकून उठायचे. मला वाटायचं, बघ, किती जीव होता माणसाचा शुभावर. मला भरून यायचं. ते कशाकडे बघत होते ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

ते फ्रीजकडे बघत होते.

या फ्रीजची सुरुवात भागीरथीकाकीने केली, आठवतं ना? तू नुकतीच नर्सच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाली होतीस. मी म्हटलं होतं, आता जरा बस, फुलझाडं लाव. आणि एका सकाळी खाडीकडच्या वाडीतून काकी मासळीची टोपली घेऊन दारात. टोपलीत बांगडे, बांगड्यांवर बर्फ, आणि बर्फात फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली. "शिष्टर, थंड ठेवायला बोल्ले हुते. ह्या बर्फात ठेवलां तर चालंल ना?" मासा ज्याने टिकतो त्याने औषधही टिकेल, हा तिचा हिशेब. मासळी विकणाऱ्या बाईला दुसरा कुठला हिशेब सुचणार? तू बाटली उजेडात धरलीस. गोठून गेली होती. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून एसटीने फेरी मारून आणलेलं औषध, फुकट मिळालेलं आणि फुकट गेलेलं. तू तिला रागावली नाहीस. माझ्याकडे वळून रागावलीस, जणू बर्फ मी तयार केला होता.

आता तो मीच तयार केला असण्याचीही शक्यता होती म्हणा. जन्मभर मिरजोळ्याला एमआयडीसीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजवर मशीन सांभाळली मी. गाड्या भरभरून मासे माझ्या जिवावर थंड राहिले. आणि त्याच दिवसापासून माझ्या स्वतःच्या घरातल्या फ्रीजमध्ये एका बांगड्याला जागा राहिली नाही. काकीची बाटली आली, मग गंगारामदादांची, मग ज्यांच्या घरी फ्रीज नाही किंवा आहे पण सुई टोचायला कोणी नाही अशा सगळ्यांची. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर तुझ्या ठसठशीत अक्षरात नाव. तुझा हुकूम निघाला: लोकांच्या औषधाला मासळीचा वास लागता कामा नये, आणि दार उगाच उघडायचं नाही. मी रात्रीचं उरलेलं कालवण ठेवायला गेलो तर माझ्या हातावर मारलंस. तेव्हापासून आपण आणलेला मासा त्याच दिवशी संपवत आलो. मी कुरकुरायचो आणि दोन घास जास्त खायचो.

माझ्या वाट्याला आलं ते थर्मामीटर. आत एक बसवून दिलं आणि रोज बघायचं काम अंगावर घेतलं. वादळवाऱ्यात लाईट गेली की कारखान्यातून बर्फाची पेटी आणायचो आणि तू दरवेळी बजावायचीस, "बाटल्यांना बर्फ लागू देऊ नको हां." पस्तीस वर्षं थंडीत काम केलेल्या माणसाला! भागीरथीकाकी आणि मी, तुझ्या लेखी दोघे एकाच इयत्तेत.

सुई मात्र मी कधी हातात घेतली नाही. तू किती मागे लागलीस. "शिकून ठेव रे, मला कधी ताप आला, कुठे जावं लागलं तर?" सुई दिसली की मला परसातलं काहीतरी काम आठवायचं. एकदा तू पडवळावर सुई टोचून दाखवलीस, "बघ, एवढंच." मी म्हटलं, पडवळ ओरडत नाही. गंगारामदादा पोट धरून हसले होते आणि तू त्यांना म्हणालीस, हलू नका, वाकडी जाईल.

आणि आपलं ते जुनं भांडण. गावच्या आरोग्य उपकेंद्रात एक फ्रीज होता, कधीचा बंद पडलेला. "वर कळवलंय" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. मी तुला सांगायचो, तू घरात फुकट करतेस म्हणून तो दुरुस्त होत नाही. गावाची अडचण तू गिळून टाकतेस, मग सरकारला ती दिसणार कशी? गरिबाला औषध फुकट मिळालं म्हणजे झालं का? ते ठेवायला जागा, टोचायला माणूस, हे सगळं त्याच्या हक्काचं आहे, तुझ्या उपकाराचं नाही. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "खरं आहे. पण हक्क येईपर्यंत त्यांची साखर थांबणार आहे का?" मी तव्यावरची भाकरी उलटायचो. मग तू, "एवढं वाटतं तर तूच दे की दुरुस्त करून." मी म्हणायचो, एकदा हात लावला की जन्मभर माझ्याच गळ्यात. तू म्हणायचीस, "तेच मी करतेय." हे भांडण कधी मिटलं नाही. मिटावं असं आपल्याला फारसं वाटतही नव्हतं बहुतेक.

दुसरं एक होतं. त्याला आपण भांडण म्हणत नव्हतो.

आई जायची होती तो दिवस. डॉक्टर सांगून गेले होते की आता काही तासांचंच काम. मी उशाशी बसून चमच्याने पाणी घालत होतो. मागे फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज झाला. वळून बघतो तर तू सगळ्या डब्या काढून पेटीत भरत होतीस. मी म्हटलं, "हे काय चाललंय?" तू म्हणालीस, "आत्ताच न्यायला हवं." म्हटलं, "माझी आई जातेय आणि तुला औषधांचं पडलंय?" तू ओठांवर बोट ठेवलंस, आईकडे डोळ्यांनी खूण केलीस, "त्या ऐकतायत." आणि पेटी उचलून शेजारच्या वहिनींकडे निघून गेलीस. परत आलीस तेव्हा आई होती अजून. तू तिचे पाय दाबत बसलीस. पण मला ते दार उघडल्याचा आवाजच ऐकू येत राहिला.

तेराव्यानंतर डब्या परत आल्या. मी तो राग ठेवून दिला आणि लागेल तसा काढत आलो. जरा काही झालं की, हो, तुझे पेशंट आधी, माझी आई काय. तू कधी उत्तर दिलं नाहीस. एकदाच म्हणालीस, "कळेल तुला तेव्हा कळेल." हे असलं बोलणं मला मुळीच आवडत नाही. मशीनवर काम करणाऱ्या माणसाला कारण सांगावं लागतं.

आता इथलं ऐक. तू गेलीस तेव्हा आपल्या गावची आशा सेविका मनाली माहेरी होती, मंडणगडला, भातकापणीला. ती आली ती बॅग घरात टाकून तशीच आपल्याकडे. खळ्यात उभी राहून रडली. मग डोळे पुसले आणि विचारलं, "काका, भागीरथीकाकींना सुई कोण देतंय?"

मी म्हटलं, "उपकेंद्रात जात असतील."

"उपकेंद्रात औषध कुठाय? तुमच्या फ्रीजमध्ये आहे ना सगळं."

मी उठलो, दार उघडलं. सगळ्या डब्या तू लावलेल्या तशाच ओळीत होत्या. कोणी एकही नेली नव्हती. माणसं येऊन बसून गेली, फ्रीजकडे बघून गेली, आणि कोणी मागितलं नाही, कारण घरात सुतक होतं.  मग मनाली गंगारामदादांकडे त्यांची डबी घेऊन धावली आणि मी काकीची पेटीत ठेवून निघालो. नितीन म्हणाला, "बाबा, सुतकात कोणाच्या दारी जाऊ नका, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, लोक जिवंत राहिले तर म्हणतील.

काकी पडवीत पडली होती. ओठ सुकलेले, उशाशी पाण्याची कळशी. मला अंगणात बघून उठायला गेली, जमलं नाही.

"भाऊ, तुमी कशाला आलांव? तुमच्या घरात सुतक हाय."

"औषध का नाही नेलंस, काकी?"

"सुतकाच्या घरचां पानी घेत नाय आमी. औषध कसां घेनार?" मग जरा दम खाऊन म्हणाली, "आनि शिष्टर गेली, त्या घरात येऊन माजी बाटली द्या बोलू? तोंड हाय मना?"

मी अंगणातच उभा. आत जाता येईना, पेटी खाली ठेवता येईना. तू असतीस तर एका वाक्यात निकाल लावला असतास. मला वाक्य सापडायला वेळ लागला. म्हटलं, "काकी, बाटलीवर नाव कुणाचं आहे?"

"माजां."

"मग ती तुझी. आमच्याकडे नुसती ठेवायला दिली होतीस. सुतक माझ्या घरच्या वस्तूला. तुझ्या ठेवीला कसं लागेल?"

ती डोळे मिटून विचार करत राहिली. मरायला टेकलेली बाई, पण रीतीचा मुद्दा नीट तपासल्याशिवाय सोडीना. शेवटी म्हणाली, "शिष्टर आसती तर काय बोल्ली आसती?"

"आधी तुला शिव्या घातल्या असत्या. मग मला."

ती हसली, हसता हसता ठसका लागला. सुनेने पेटीवर गोमूत्र शिंपडलं. मी म्हटलं, शिंपड बाई हवं तेवढं, पण चुलीपाशी ठेवू नको. तेवढ्यात मनाली आली, बोटाला टोचून साखर बघितली, आकडा आम्हाला दाखवला नाही. "नुसत्या सुईने नाही भागायचं आता," म्हणाली आणि रिक्षाला फोन लावला. काकीला रत्नागिरीला ठेवून घेतलं. वाचली, शुभा. उशीर झाला होता, पण वाचली. गंगारामदादांचं आणि बाकीच्यांचंही मनालीने निभावून नेलं.

मी सड्यावरच्या उघड्या कातळावरून एकटा परत येत होतो. हातात रिकामी पेटी, तीच, आईच्या वेळची. आणि चालता चालता मला कळलं.

आई जायच्या आधीच बाटल्या बाहेर काढायला हव्या होत्या. नंतर त्या सुतकाच्या घरातल्या झाल्या असत्या आणि गावातल्या कोणी त्यांना हात लावला नसता. म्हणून घाई. म्हणून वहिनींकडे, कारण त्या आपल्या भावकीतल्या नव्हेत, त्यांना आपलं सुतक नाही. आणि आई ऐकत होती. तिच्या देखत तू मला काय सांगणार होतीस? की तुमचा जीव गेला की आमच्या घराला सुतक लागेल, त्याआधी आवरून घेते? तू आईची आब राखलीस आणि माझा राग अंगावर घेतलास.

मी त्या कातळावर बसलो आणि रडलो. तू गेलीस त्या दिवशी रडलो नव्हतो.

पण नंतर का नाही सांगितलंस? तेराव्यानंतर, कधीही, चहा गाळताना सांगायचंस. मी टोमणे मारले, विचारलं नाही, हे मान्य. तरी दोन शब्दांचं काम होतं. तुला वाटलं असेल, एवढ्या वर्षांच्या संसारात याला एवढंही कळू नये? कळलं नाही. आता कळलंय, आणि त्यावर तुझ्याशी कडकडून भांडावंसं वाटतंय, आणि समोर कोणी नाही. आईच्या मरणाची चाहूल आधी लागली, म्हणून तू फ्रीज आवरलास. तुझ्या मरणाची तुला कोणी वर्दी दिली नाही. मग कोण आवरणार होतं?

सुतक फिटल्यावर मी विचार केला. पुन्हा इथेच ठेवलं तर आता जाणारा मी आहे. माझ्या वेळी पुन्हा हेच. वहिनींच्या घराला तर कुलूप आहे, त्या मुंबईला गेल्या लेकाकडे. आणखी कोणाकडे ठेवावं तर त्या घरातही म्हातारं माणूस असणारच. घर म्हटलं की मरण आलं, मरण आलं की सुतक आलं. सुतक लागत नाही अशी गावात एकच जागा. सरकारला कशाचं सोयरसुतक नाही, असं आपण वैतागून म्हणायचो. म्हटलं, एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे.

हत्यारांची पिशवी घेऊन उपकेंद्रात गेलो. मोटर सुरू करणारा रिले गेला होता आणि दाराचं रबर कडक झालं होतं. अर्ध्या सकाळचं काम निघालं. नव्या मॅडम म्हणाल्या, "काका, हे वर कळवावं लागेल." मी म्हटलं, कळवा, चालू झाला म्हणून. आणि बजावलं, मी फक्त थंड ठेवीन. वेळेवर उघडणं, सुई देणं, औषध संपू न देणं, हे तुमचं, कोणाच्या मेहरबानीचं नाही. सगळं आवाज चढवून बोललो. मॅडम बिचाऱ्या नवीन आहेत, हो म्हणाल्या. संध्याकाळची किल्ली मनालीकडे असते. भागीरथीकाकीची तक्रार आहे की उपकेंद्र उशिरा उघडतं, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडून मासे घेतं. "शिष्टरकडे आसां नव्हतां." मॅडमना सांगितलंय, थोडं लवकर या. बघू.

तर आता सांग, कोण जिंकलं? औषध सरकारी जागेत गेलं, म्हणजे मी. दुरुस्त मीच केलं, म्हणजे तू. वर्षभर तरी पुरला असता हा वाद आपल्याला.

डब्या मी एका सकाळी नेल्या, पेटीत घालून, बर्फ न लावता. आपल्या फ्रीजमध्ये आता काही नाही. दारातल्या कप्प्याला दोन-चार चिकटपट्ट्या लागून राहिल्यात. तू एकटी गेली नाहीस, शुभा, सगळी सकाळ बरोबर घेऊन गेलीस. आता पायरीवर कोणी खोकत नाही, साखर किती आली म्हणून कोणी खोटं सांगत नाही, तू कोणावर डाफरत नाहीस. मी उठतो, चहा करतो, पितो आणि तरी पुढे सकाळ उरतेच.

नितीन जाताना म्हणाला, "बाबा, फ्रीज बंद करा, दार किलकिलं ठेवा म्हणजे वास येणार नाही, आणि चला वसईला." चांगला मुलगा आहे. मी म्हटलं, बघू.

काल भागीरथीकाकी उपकेंद्रात सुई टोचून घेऊन इकडे वळली. अजून चालताना थरथरते. पायरीवर केळीच्या पानात दोन बांगडे ठेवले, पूर्वीसारखे दोन. मग म्हणाली, "भाऊ, पानी द्या जरा." तांब्या दिला. गटागटा प्यायली, पदराने तोंड पुसलं, टोपली उचलली आणि म्हणाली, "येतंव."

मी बांगडे साफ केले. एक आज, एक उद्या, असं मनात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शक्य होतं. फ्रीजचं दार उघडलं. आत दिवा लागला, थर्मामीटर बरोबर दाखवत होतं, सगळे कप्पे मोकळे. मासा हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो आणि दार लावून टाकलं. दोन्ही तळले. एक खाल्ला. दुसरा संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला होता, मग मांजराला घातला.

रिकामा फ्रीज चालवू नये, वीज वाया जाते, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. आज नितीनचा फोन आला, बंद केलात का? म्हटलं, करतो. पण तो बंद केला की या घरात दुसरा आवाज नाही. आणि समजा, तू दारात आलीस आणि चपला काढायच्या आधी विचारलंसच, तर मला सांगता यायला हवं.